टेंभुरटोल्याचा पाहुणा

"ढवसबाई, खरं सांगा. या गावातली मेलेली माणसं जातात कुठं?"

देवतळे साहेबांनी मृत्यूचं रजिस्टर उघडून माझ्याकडं वळवलं. मला हसू आलं. ते हसले नाहीत.

२००९ सालचा मे महिना होता. मी बेलघाटा ग्रामपंचायतीत ग्रामसेविका होते. वय सव्वीस. आमच्या नोकरीत पहिली तीन वर्षं कंत्राटावर काढायची, मग कायम करतात. माझी तीन वर्षं संपायला चार महिने उरले होते. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद ठेवणं हे ग्रामसेवकाचंच काम. देवतळे साहेब जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात आकडेवारी बघायचे. निवृत्तीला टेकलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्या उन्हात सत्तर किलोमीटर जीपमधून आले होते ते केवळ माझ्या रजिस्टरसाठी.

"दोन वर्षांपूर्वी एकसष्ट मृत्यू," ते म्हणाले. "त्याच्या पुढच्या वर्षी अडुसष्ट. पाच हजार वस्तीला हे जास्तच होते, पण ते सोडा. दिवाळीपासून तुमच्याकडं किती? नऊ. मार्चमध्ये शून्य. एप्रिलमध्ये शून्य. आज मेची एकोणीस तारीख. शून्य."

"सर, मेलंच नाही कुणी."

"शून्य लिहिलं की मेलं नाही असं वर कुणी वाचत नाही, बाई. ग्रामसेवकानं लिहिलं नाही असं वाचतात."

दिवाळीच्या सुमाराला आमची कंपनी बंद पडली होती. गावाबाहेर कच्च्या लोखंडाच्या भट्ट्या होत्या. तिकडं अमेरिकेत बँका बुडाल्या, लोखंडाचा भाव कोसळला, आणि इकडं एका सोमवारी कंपनीच्या गेटला कुलूप लागलं. अकराशे माणसं घरी बसली. डिसेंबरात बंडू निखाडे नावाच्या फिटरनं क्वार्टरमध्ये गळफास घेतला. त्याची नोंद केली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की ही सुरुवात आहे. पण त्यानंतर दोन-चार म्हातारी माणसं गेली, आणि मग रजिस्टर गप्प झालं.

साहेबांनी बॅगेतून एक कागद काढला. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून त्यांनी बेलघाट्यातल्या जास्त आजारी माणसांची यादी करून घेतली होती. चौदा नावं. कुणाला दमा, कुणाचं हृदय गेलेलं, कुणाच्या छातीत भट्टीची धूळ बसलेली.

"डॉक्टर म्हणतात, यातली निम्मी तरी एव्हाना जायला हवी होती. उठा. घरोघर पाहू."

पहिलं नाव सोनाबाई चौधरी, वय अठ्ठ्याहत्तर, हृदयविकार. साहेबांनी दारातूनच विचारलं, "सोनाबाई कधी वारल्या?" आतून एक म्हातारी हातात कुरड्यांचा साचा घेऊन बाहेर आली. "कोन वारली?" तिनं विचारलं. साहेब दोन पावलं मागं सरकले.

दुसरं नाव केशव बोबडे, बावन्न वर्षांचा, दम्याचा पेशंट. गेल्या हिवाळ्यात त्याला नळी लावून जिल्ह्याला नेल्याचं मला आठवत होतं. तो सायकलीला पाण्याचे दोन डबे लटकवून चढावरून येताना भेटला. शिटी वाजवत होता. तिसऱ्या घरात एक लकवा झालेले आजोबा होते. त्यांचा मुलगा गजानन कंपनीत क्रेन चालवायचा. तो वडिलांच्या पायांना तेल चोळत बसला होता.

"आता घरीच असतो न जी," तो जरा लाजून म्हणाला. "टायमावर गोळी देतो. अंघोळ घालतो. पहिले कुठं जमत होतं?"

साहेब प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं बारीक खूण करत होते. सहाव्या-सातव्या घरापर्यंत ते प्रश्न विचारत होते. मग त्यांनी विचारणं सोडलं. नुसते दारात उभे राहायचे, माणूस दिसला की खूण करायचे आणि वळायचे.

दुपारी आम्ही माळी मोहल्ल्यात शिरलो तेव्हा आमची खबर पुढं पोचली होती. बाराचं ऊन. आमच्याकडं मे महिन्यात त्या वेळेला कुत्रंही बाहेर दिसत नाही. पण गल्लीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक उंबऱ्यावर माणसं उभी होती. म्हातारी, आजारी, काठी टेकलेली, पोरांच्या खांद्याला धरून आणलेली. आम्ही पुढं चाललो तशी ती मान वळवून आमच्याकडं बघत होती. आपण जिवंत आहोत हे दाखवायला बाहेर येऊन उभी राहिली होती. दोरीवरचे कपडे पांढरे शुभ्र होते. कंपनी चालू असताना बेलघाट्यात पांढरं काही राहत नसे, काजळी बसायची. मी तीन वर्षांत पहिल्यांदा या गावातल्या लिंबाच्या झाडांचा खरा रंग पाहिला.

"चला इथून," साहेब हळूच म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मग त्यांना स्मशान बघायचं होतं. नदीकाठी टिनाची शेड होती आणि तिच्याभोवती मोकळी जागा. त्या जागेवर विडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घातले होते, रांगेनं, हजारो. शेडच्या सावलीत दोन बाया पुडे मोजत होत्या. मी रागावले, इथं कशाला वाळवता म्हणून. त्यातली एक म्हणाली, "खाली पडली होती न जागा. कोनी येतच नाई."

चौदावं नाव टेंभुरटोल्याचं होतं. नाल्यापलीकडं बारा घरांचा टोला. लटारी उरकुडे, वय चाळीस, भट्टीच्या बंकरवर, कोळसा ओततात तिथं, कायम कामगार. दिवाळीआधी त्याला आरोग्य केंद्रात खाटेवर घालून आणला होता, तोंडातून रक्त पडत होतं. डॉक्टरांनी त्याच्या नावापुढं दोनदा रेघ मारली होती.

घराच्या छपरावर एक माणूस कवेलू फेरत होता. पावसाळ्याआधी फुटकी कवेलू काढून नवी बसवतात, ते काम. एका हातात चार-चार कवेलू घेऊन तो वाशावरून चालत होता.

"लटारी उरकुडे?" साहेबांनी खालून विचारलं.

"मीच तो," वरून उत्तर आलं. "काय काम होतं जी?"

साहेबांनी खूण केली नाही. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. जीपच्या दाराला धरून म्हणाले, "एकतीस वर्षं मी आकडे पाहतोय. असं पाहिलं नव्हतं. पण वर मी काय सांगू? बेलघाट्यात माणसं मरत नाहीत म्हणून? ढवसबाई, या महिन्यात एक तरी नोंद दाखवा. एक. नाहीतर मला 'नोंदणी सदोष' असा शेरा मारावा लागेल, आणि तुमची कायम होण्याची फाईल नेमकी त्याच टेबलावरून जाते."

तीन दिवसांनी, शुक्रवारी, एक बाई कार्यालयात आली. पस्तिशीच्या आतली, उंच, हातांची बोटं तेंदूच्या डिंकानं काळी झालेली. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "तुमाले एक मेलेला मानूस पायजे म्हन्तेत, खरं हाये का?"

मी म्हटलं, "कोण मेलं?"

"अजून नाई," ती म्हणाली. "मी पंचफुला. लटारी उरकुडेची बायको."

ती समोर बसली. पदरात बांधलेलं एक पत्र तिनं टेबलावर ठेवलं. कंपनीचं होतं. पावसाळ्यानंतर भट्ट्या पेटणार, जुन्या कायम कामगारांनी तयार राहावं.

"हे कामावर गेले तर चार महिन्यांत मरतेत, मॅडम. डाक्टरनं नाई सांगतलं, मीच सांगून राह्यली. म्या मोजलं हाये. भट्टी चालू होती तवा आमच्या टोल्यातून वर्षाले चार-पाच जात. बंद पडली तवापासून एक नाई."

"मग जाऊ देऊ नका त्यांना."

"नाई गेले तर राजीनामा लिवून घेतेत. हात हलवत घरी. अन् मेले तर..." तिनं पत्र पुन्हा पदरात बांधलं. "मेले तर कंपनीचा कायदा वेगळा हाये."

मला वाटलं, ती फंडाच्या पैशांबद्दल बोलतेय. मी जास्त विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचं नव्हतं. माझ्यासमोर कोरं पान होतं.

"त्यांना माहीत आहे का हे?"

तिनं खिडकीकडं मान केली. बाहेर हापशीवर लटारी पाय धूत होता.

मी फॉर्म काढला. मृताचं नाव. वय. पत्ता. मृत्यूचं कारण: दमा. पंचफुला एकेक उत्तर देत होती, रेशनकार्डाचा फॉर्म भरावा तशी. तारखेवर मी अडले. "परवाच्या मंगळवारी साहेबांनी त्यांना स्वतः पाहिलंय. त्यानंतरची तारीख पाहिजे."

तिनं खिडकीतून हाक मारली. "ऐकलं का जी? तारीख कोनती सांगू?"

तो हापशीचा दांडा सोडून खिडकीशी आला. गमछानं तोंड पुसलं. विचार केला. "कालची लिवा," तो म्हणाला. "काल मी दिवसभर निजूनच होतो."

मी कालची तारीख लिहिली. पंचफुलानं अंगठा उठवला.

जाताना ती पायरीवर बसली आणि हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या. फोडल्या नाहीत, सांभाळून, मनगट दाबून काढल्या. मग पदराच्या टोकाला थुंकी लावून कपाळ पुसलं. लटारी समोर उभा राहून बघत होता. तिनं बांगड्या त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. मग ती पुढं आणि तो दहा-पंधरा पावलं मागं, असे दोघं नाल्याकडं गेले.

संध्याकाळी देवतळे साहेबांचा फोन आला. "मिळाला का एखादा?"

"मिळाला, सर. लटारी उरकुडे, टेंभुरटोला."

"तो कवेलू फेरत होता, तो?"

"हो, सर."

"उन्हाचं होतं असं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

दसऱ्याला कंपनी सुरू झाली. गेटला झेंडूची तोरणं, ढोल, बुंदीचे लाडू. भट्टीच्या धुराचा पहिला लोट निघाला तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यात मीही होते. सप्टेंबरातच मला कायमचा आदेश मिळाला होता. लोखंडाला अशी मागणी आली होती की कंपनी तीन पाळ्यांत चालायची. माणसं सोळा-सोळा तास उभी असायची. बेलघाट्यात मोटारसायकली आल्या, डिश टीव्ही आले, बियर बार उघडला. कोळशाचे ट्रक दिवसाला दीडशे. गावात कुणाचा चेहरा पडलेला नव्हता. पांढरे कपडे पुन्हा राखाडी झाले आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

नोव्हेंबरात मी घरपट्टीच्या नोटिशी द्यायला कंपनीत गेले. पाळी सुटत होती. पॅकिंगच्या बाया डोक्याला, तोंडाला फडकी गुंडाळून रांगेत येत होत्या. एकीनं गेटबाहेर येऊन फडकं सोडलं. मोकळं कपाळ, काळवंडलेले डोळे. पंचफुला होती. मला पाहून ती थांबली नाही.

"ती इथं कशी?" मी चौकीदाराला विचारलं.

"वारसाहक्कानं लागली. नवरा मेला न तिचा. कामगार मेला का घरातल्या एकाले घ्यायचं, युनियनचा करार हाये."

मी तशीच टेंभुरटोल्याला गेले. घराचं दार उघडं होतं. लटारी चुलीपाशी भाकरी थापत होता. भरलेले गाल, स्वच्छ डोळे. श्वासाचा आवाज नाही. तेवढ्यात त्यांची मुलगी बेबी शाळेतून आली, अकरा वर्षांची. मला ओळखत नव्हती. परकं माणूस पाहून ती दारात थबकली आणि बापाला म्हणाली, "मामा, पानी दे."

त्यानं तिला पाणी दिलं. ती आत गेल्यावर म्हणाला, "कंपनीचा मानूस दोनदा चवकशीले आलता. टोल्यानं सांगतलं, हा पंचफुलाचा भाऊ, पाहुना आला हाये. तवापासून पाहुनाच. टोल्यात कोनी नावानं हाक मारत नाई आता. मीच कधी कधी विसरतो."

"तिला जाऊ का दिलंत तुम्ही?"

"मेल्या मानसाचं कोन ऐकते, मॅडम?"

तो हसला. मला तिथं बसवेना.

डिसेंबरात रजिस्टर बोलायला लागलं. आधी सोनाबाई चौधरी गेली, झोपेत. जानेवारीत पाच, फेब्रुवारीत सात. केशव बोबडेचा दमा अजून उठायचाच होता. कोळशाच्या ट्रकनं त्याला चढावरच उडवलं, सायकल आणि पाण्याचे डबे रस्त्याच्या दोन बाजूंना पडले होते. गजानन परत क्रेनवर गेला होता आणि डबल पाळी करत होता. त्याचे वडील एका दुपारी घरी एकटे असताना गेले. गजानन नोंद करायला आला तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची डबी होती. का आणली होती कुणास ठाऊक. त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली, सही केली आणि डबी तिथंच विसरून पाळीवर गेला. डबीत तीन दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

साहेबांच्या यादीची एक प्रत माझ्याकडं होती. सुरुवातीला मी नावांवर काट मारत गेले. आठव्या नावानंतर यादी फाडून टाकली. उपयोग झाला नाही, नावं पाठच झाली होती. रस्त्यात त्यातलं कुणी भेटलं की मी दुसऱ्या बाजूनं जायची. आणि फक्त आजारीच जात नव्हते. बावीस वर्षांचं पोरगं मोटारसायकलवर गेलं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी बारसमोर एक जण. भट्टीवर दोघं.

मार्च संपल्यावर मला जिल्ह्याचं पत्र आलं. बेलघाटा ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदणीत लक्षणीय सुधारणा झाल्याबद्दल अभिनंदन. खाली देवतळे साहेबांची सही होती. मी त्यांना फोन केला, आभार मानायला म्हणून.

"आकडा आता जुळतो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तो छपरावरचा कसा आहे?"

"बरा आहे, सर."

"हं," ते म्हणाले. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले.

पंचफुला २०११ च्या फेब्रुवारीत गेली. दोन पाळ्या सलग झाल्या होत्या. सकाळी भोंगा झाल्यावर ती पॅकिंगच्या शेडमध्ये पोत्यांवर टेकली. बाकीच्या बायांना वाटलं डोळा लागला असेल, म्हणून त्यांनी तिला थोडा वेळ झोपू दिलं. चौतीस वर्षांची होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं.

मी अंत्ययात्रेला गेले होते. कंपनीचे दोन अधिकारी हार घेऊन आले होते, म्हणून सगळं विधवेचं करावं लागलं. ना हिरवं लुगडं, ना कुंकू. बेबी एका म्हातारीच्या कुशीत तोंड खुपसून उभी होती. पुतण्यानं अग्नी दिला. लटारी सगळ्यांच्या मागं, पाहुण्यांमध्ये उभा होता.

दहाव्या दिवशी दुपारी तो कार्यालयात आला. दोन माणसं बसली होती. ती जाईपर्यंत तो बाहेर व्हरांड्यात थांबला. मग आत येऊन समोर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"नोंद करायची होती जी."

मी फॉर्म काढला. नाव, वय, पत्ता मीच लिहिलं. माहिती देणाऱ्याचं नाव आणि मृताशी नातं या रकान्यावर येऊन थांबले. त्या जागी मी काय लिहिणार होते? नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला माझ्याच हातचा होता.

"भाऊ लिहू?" मी विचारलं.

त्यानं मान डोलावली. मी भाऊ लिहिलं. पुढचा रकाना वैवाहिक स्थितीचा. मी पेन टेकवला तसा तो एकदम टेबलावर झुकला.

"विधवा लिवू नका, मॅडम. तिले तसंच न्यावं लागलं. लोकं होते. पन मी उभा होतो न तिथं, मांगं. ती सवाशीनच गेली."

मी विवाहित लिहिलं. त्यानं ते अक्षर बोटानं दाबून पाहिलं, ओली शाई बोटाला लागली. त्यानं सही केली, स्वतःच्या नावाची. सवयीनं झाली असावी. मी ती तशीच राहू दिली.

मला वाटलं आता तो जाईल. तो गेला नाही.

"अजून एक काम होतं," तो म्हणाला. "काल कंपनीचा मानूस घरी आलता. चांगला बोलला. दहा हजार देऊन गेला. मंग बेबीचं नाव अन् जन्मतारीख लिवून नेली. अठराची झाली का तिले घेतो म्हने, आईच्या जागी. करार हाये." त्यानं व्हरांड्याकडं पाहिलं, कुणी नव्हतं. आवाज खाली आणला. "तिचं पन लिवून टाकता का?"

"काय लिहू?"

"मेली म्हनून. माझं लिवलं तसं."

मी पेनाला टोपण लावलं.

"कागदावरच म्हनतो जी," तो समजावू लागला. "आजाराचं काईबी लिवा. टोला सांभाळून घेते, टोल्याले आता सवय हाये. माझ्याकडं पाहा न तुमी. डाक्टरनं सांगतलं होतं का मी वाचतो म्हनून? तुमी लिवलं, म्हनून वाचलो."

तो अगदी धडधाकट माणूस होता. बेचाळीस वर्षांचा, छाती भरलेली, श्वास मोकळा. देवतळे साहेबांच्या यादीतले तोवर फक्त दोघं उरले होते, आणि त्यातला एक माझ्यासमोर उभा राहून आपल्या पोरीचं मरण मागत होता. जे मागत होता त्यात त्याच्या दृष्टीनं काही वावगं नव्हतं. आणि माझा हात, खरं सांगते, क्षणभर त्या कोऱ्या फॉर्मकडं गेला.

मी रजिस्टर मिटलं. "नाही," म्हटलं. "ती मेली तर तिला शाळा नाही, दाखला नाही, लग्न नाही, काहीच नाही. तुम्ही घरात राहून निभावलंत. तिनं कुठं राहायचं?"

"जिती तर राहीन."

"नाही, लटारीभाऊ."

कितीतरी दिवसांत त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. तो खुर्चीवर बसला आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. बायकोच्या चितेजवळ त्याला रडता आलं नव्हतं. भावानं रडायचं तेवढंच रडला होता.

मी आठ दिवसांची रजा टाकली. जिल्हा ओलांडून दीडशे किलोमीटरवर मुलींचं एक सरकारी वसतिगृह होतं, तिथल्या अधीक्षिका माझ्या ओळखीच्या होत्या. वर्षाच्या मध्येच प्रवेश मिळवायला मला दोनदा हेलपाटा पडला. बेबी तिथं राहिली, तिथंच बारावी झाली, पुढं नर्सिंगला गेली. कंपनीच्या यादीतलं तिचं नाव कुणी पुन्हा वाचलं की नाही मला माहीत नाही. ती बेलघाट्यात राहायला परत आली नाही. माझ्या हातची ती खोटी नोंदही तशीच आहे. मी पुढं विस्तार अधिकारी झाले, पण ते पान उघडून मला कुणी काही विचारलं नाही.

वसतिगृहात प्रवेश घ्यायला आम्ही तिघं एसटीनं गेलो होतो. लटारी दोन वर्षांत पहिल्यांदाच नाल्याच्या पलीकडं इतका लांब आला होता. गाडीत तो सगळा वेळ गमछानं तोंड झाकून बसला. बेबी त्याच्या शेजारी होती. बेलघाट्याची हद्द संपली तेव्हा तिनं त्याला हळूच विचारलं, "बाबा म्हनू का आता?" त्यानं तिचा हात धरून ठेवला.

वसतिगृहाच्या खिडकीवर मी फॉर्म भरत होते. अर्जदार मुलीचं नाव. आईचं नाव, त्यापुढं मयत. मग वडिलांचं नाव. त्यापुढं छापलेलं होतं: हयात / मयत, लागू नसेल तो शब्द खोडा. कारकून बाई घाईत होत्या, म्हणाल्या, "एकच सोडा हं मॅडम, दोन्ही ठेवू नका." खाली फॉर्म भरणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही पाहिजे होती. तिथं मी माझं नाव आधीच लिहून बसले होते.

मी एका शब्दावर रेघ मारली, जरा जोरात, आणि सही केली.

लटारी माझ्या खांद्यावरून बघत होता. "काय खोडलं जी?" त्यानं विचारलं.

"मयत."

तो वाकून फॉर्मकडं बराच वेळ पाहत राहिला. मग गमछा पुन्हा तोंडाभोवती बांधता बांधता म्हणाला, "बेलघाट्यात कोनाले सांगू नका," आणि परतीच्या गाडीची वेळ विचारायला फाटकाकडं गेला.